नानांची पडलेली कविता

हिरामण नानांना कविता म्हणता येत नव्हती. कविता पाठ असायची, अर्थ ते असा सांगायचे की ऐकत राहावं, पण चाल लावायला गेले की सगळं मुसळ केरात. पावसाची असो, झेंड्याची असो, आईची असो, नानांच्या तोंडून प्रत्येक कविता एकाच चालीत बाहेर यायची. त्याला कारण होतं. नानांचे वडील पारोळ्याच्या बाजारात मापाडी होते. पूर्वी धान्य पायलीनं मोजायचे तेव्हा मापाडी गात गात मोजायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. "लाऽऽभ, लाभ, लाभ, लाऽऽभ... दोऽऽन, दोन, दोन, दोऽऽन..." पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोळवायचा, म्हणजे मोजणारा चुकत नाही. नाना लहानपणी बापाशेजारी पोत्यावर बसून हे ऐकत वाढले आणि तेवढं एकच गाणं त्यांच्या गळ्यात शिरलं. दुसऱ्याला जागाच राहिली नाही.

पाढ्यांना ही चाल झकास बसायची. नानांच्या शाळेतली पोरं एकोणतीसचा पाढा झोपेतून उठवलं तरी म्हणतील अशी. पण दुसरीच्या वर्गात ओढ्याची कविता सुरू झाली, "ओऽऽढा निघाला, निघाला, निघाऽऽला" असं सगळं पोरटं एका सुरात घोळवायला लागलं, की मला वाटायचं, आता पोतं शिवून गाडीत टाकतील.

मी हसते आहे, आणि नानाही चारचौघांत हसायचे. पण त्यांना ते लागलेलं होतं. निर्मला नावाची त्यांची एक विद्यार्थिनी होती. हुशार पोर, चौथीत पहिली आली, पाचवीला पारोळ्याच्या हायस्कुलात गेली. तिथे पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला तिनं हौसेनं हात वर केला, उभी राहिली आणि नानांच्या चालीत कविता म्हटली. वर्ग हसून हसून लोळला. पोरींनी तिचं नावच 'मापाडीण' पाडलं. नानांनी तिला एकदा एसटीच्या थांब्यावर विचारलं, "कसं शे वो शाळामा?" तर ती म्हणाली, "पोरी हसतस माले, नाना. आते मी कविता म्हनत नही." रागानं नाही म्हणाली. साधं सांगितलं आणि गाडीत चढली.

नानांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "रिटायर व्हवाना पहिले," ते म्हणाले, "एक कविता तरी धड शिकाडीसन जासू." त्या वेळी त्यांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती.

'आम्हाला' म्हणजे कोणाला, ते सांगते. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रावेरकडची, केळीच्या बागांतली. डी.एड. झाले आणि नेमणूक मिळाली ती थेट पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला एका दोनशिक्षकी शाळेत. आमची बोली वेगळी, इथली अहिराणी वेगळी. पोरं काय बोलतात ते मला कळेना, मी काय बोलते ते पोरांना कळेना. त्यात मी तापट. रुजू होऊन महिना झाला नसेल, एक दिवस सायकलवरून एक उंच, काळेसावळे गृहस्थ आले, सायकल भिंतीला टेकवली, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, या महिनामा तुमनं काय पडनं?"

मी पायाकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. "काही नाही पडलं," मी म्हटलं.

"तसं नही वो. पाठ. कोनता पाठ पडना?"

माझं डोकंच फिरलं. ओळख ना पाळख आणि हा माणूस माझ्या अंगणात येऊन मला विचारतो, तुझं शिकवणं कुठे फसलं! मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझे पाठ पडत नाहीत." त्यावर नाना इतके मनापासून हसले की मलाच कसनुसं झालं. "मंग तं तुम्हले यावंच पडी," ते म्हणाले. "न पडनारा मास्तर आम्हीन कोनी देखेल नही." त्यांनी खिशातून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, शनिवारचा पत्ता सांगितला आणि गेले.

सरकारी गटसंमेलनं तेव्हाही व्हायची. तिथे एक आदर्श पाठ असायचा. कोणी तरी निवडक गुरुजी, निवडक पोरं, आठ दिवस घोकलेली उत्तरं, रंगीत खडूंचा फळा. आम्ही मागे बसून टाळ्या वाजवायच्या आणि चहा पिऊन घरी यायचं. नानांना त्याचा मनस्वी कंटाळा. "जेवन कसं झकास व्हयनं ते दाखाडतस," ते म्हणायचे, "करपनं कसं ते कोनीच दाखाडत नही." म्हणून त्यांनी आपली एक बैठक काढली होती. शनिवारी शाळा सकाळची. आसपासच्या गावांतले आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका शनिवारी दुपारी कोणाच्या तरी शाळेत जमायचो. प्रत्येकाचा डबा. त्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि माझं भरीत. (भरीत फक्त मीच आणायचं, असा ठरावच झाला होता. त्या बाबतीत आम्हा रावेरकडच्यांपुढे कोणाचं काही चालत नाही, हे त्यांनाही मान्य होतं.) एकानं आपला फसलेला पाठ आणायचा. त्या गावची खरी पोरं समोर बसवायची, आणि जसा फसला होता तसाच तो पुन्हा फसवून दाखवायचा. मग बाकीच्यांनी मिळून तो कुठे पडला ते शोधायचं, आणि पुढच्या महिन्यात त्यानं दुरुस्त करून परत घ्यायचा.

नियम एकच होता. पाठ झाल्यावर 'छान' म्हणायचं नाही. जो 'छान' म्हणेल त्यानं उठून माठातलं पाणी सगळ्यांना द्यायचं. "छान म्हनाले काय लागस?" नाना म्हणायचे. "कोठे पडना ते सांगाले डोकं लागस." ज्याचं सांगणं नेमकं असेल त्याला त्यांच्या खिशातल्या शेंगा मिळायच्या. आणि ज्याचा पाठ धाडकन पडला, ज्याचा चेहरा उतरला, त्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणायचे, "पडना तं पडू द्या. उचलाले आपन बठ्ठा शेतस ना." उचलायला आपण सगळे आहोत, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही, आणि दर वेळी ज्याला म्हटलं त्याला ते नवंच वाटायचं.

आमच्यात सोनवणे गुरुजी होते. नाल्यापलीकडच्या गावचे, म्हणजे धुळे जिल्ह्यातले. कडक इस्त्री, कडक बोलणं. त्यांचा दिशांचा पाठ पडला होता. नकाशा भिंतीवर टांगलेला, गुरुजींनी विचारलं, उत्तर कुठे? वर्गातल्या एकूण एक पोरांनी बोट वर केलं, थेट छताच्या पत्र्याकडे. सोनवण्यांनी ओरडून सांगितलं, छडी दाखवली, तरी उत्तर दिशा पत्र्यातून खाली उतरेना. आमच्यासमोरही तसंच झालं. नानांनी टोपी गुडघ्यावर घेतली. टोपी गुडघ्यावर आली की समजायचं, नाना आता ऐकताहेत. मग ते उठले, भिंतीवरचा नकाशा काढला, अंगणात नेऊन जमिनीवर पसरला आणि आम्हाला म्हणाले, "लावा आते बरोबर."

आणि काय सांगू! आम्ही सात-आठ शिकलेसवरलेले मास्तर त्या नकाशाभोवती उभे, आणि कोणाचंच कोणाशी जुळेना. एकजण म्हणे धुळं इकडे, दुसरा म्हणे जळगाव तिकडे. एकानं नकाशा उलटा फिरवला, मी परत सुलटा केला, सोनवणे म्हणाले सूर्य कुठे उगवतो ते बघा, तर सूर्य डोक्यावर. शेवटी पोरांनीच आमची कीव केली. ती नकाशाच्या चारी बाजूंना जाऊन उभी राहिली, सकाळी ऊन कोणाच्या दारात येतं त्यावरून पूर्व धरली आणि नकाशा सरकवून जागेवर बसवला. सोनवणे गुरुजी इस्त्रीच्या पॅन्टीसकट जमिनीवर बसले आणि पोटभर हसले. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

एकदा आमच्या बैठकीवर साहेबांची जीप आली. नवे विस्तार अधिकारी, कोणी तरी कागाळी केलेली. साहेब आत आले तेव्हा सपकाळे गुरुजींचा पाठ चालू होता. सपकाळे आमच्यातले गवई. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं असलं की शेजारच्या चार गावांची माणसं यायची. पण त्या दिवशी त्यांचा अपूर्णांकांचा पाठ असा काही गाळात रुतला होता की बाहेर काढायला बैलजोडीच लागली असती. साहेबांनी एकुलत्या एका खुर्चीवर बसून शेवटपर्यंत पाहिलं आणि पाठ संपताच सवयीनं म्हणाले, "छान!"

आमची सगळ्यांची नजर नकळत कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. मी पदर तोंडात कोंबला. नाना उठले, हात जोडले आणि आपल्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, रागावू नका. इथे छान म्हणणाऱ्यानं पाणी द्यायचं असतं."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. "आणि हे धुळे जिल्ह्याचे गुरुजी आपल्या जिल्ह्यात काय करतात?" त्यांनी दुसरीकडूनच सुरुवात केली.

"साहेब, मध्ये फक्त नाला आहे. म्हशी दोन्हीकडच्या त्यातच पाणी पितात, त्यांना कोणी जिल्हा विचारत नाही. मास्तरांना काय विचारायचा?"

साहेब हसले नाहीत. पण उठले. माठापाशी गेले, पेला बुडवला आणि सोनवण्यांपासून सुरुवात करून आम्हा सगळ्यांना खरंच पाणी दिलं. शेवटचा पेला हातात धरून तसेच उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "मी मास्तर होतो तेव्हा वजाबाकी शिकवत होतो. दशकाकडून उसना घ्या म्हटलं. एक मुलगी उठून म्हणाली, गुरुजी, परत कधी द्यायचा? मी तिला खाली बस म्हणालो." मग काय! त्या परत कधी द्यायच्या उसन्यावर आम्ही डबे उघडे ठेवून दिवे लागेपर्यंत भांडलो. साहेब सगळ्यांत मोठ्यानं भांडत होते. जाताना नानांनी त्यांच्या हातात शेंगा दिल्या. त्यानंतर जीप आमच्याकडे बरेचदा यायची, तपासणीसाठी नाही, भरतासाठी.

असे कितीक पडलेले पाठ आम्ही मिळून उचलले. एक तेवढा उचलता येईना. नाना दर वर्षी आपली ओढ्याची कविता घेऊन उभे राहायचे, ती दर वर्षी पायलीत जाऊन पडायची, आणि आम्ही दर वर्षी नवा उपाय सांगायचो. सपकाळ्यांनी ढोलकी आणून नानांच्या शेजारी बसून ताल धरला. ताल बदलला की नाना थांबायचे, ताल आपल्या मापावर आला की पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी ढोलकीच माप घ्यायला लागली. मी महिनाभर शनिवारी दुपारी त्यांना माझ्या वर्गात पोरांच्या रांगेत बसवून चाल शिकवली. एकदा माझा पारा चढला. "नाना, तुम्ही ऐकता तरी का मी काय म्हणते ते?" तर शांतपणे म्हणाले, "ऐकस ना बाई. कान बरोबर शे. गळाच मापाडी शे." ते सायकलवर सराव करत जायचे तर शेतातून म्हातारे हाक मारायचे, "आज माप कोनाकडे शे रे भो?"

सोनवणे म्हणाले, एखाद्या पोरीला पुढे उभं करा, ती म्हणेल, बाकीचे मागे म्हणतील. नानांना ते पटेना. "मास्तरनी म्हनं नही तं पोरंसनी कसाले म्हनाव?" आणि मग हळूच, "निर्मलानं तोंड मी बंद करेल शे. दुसरा कोनी कसा उघाडी?"

निवृत्तीला एकच महिना उरला. त्या बैठकीत नानांची कविता पुन्हा पडली, आणि सांगायला आता कोणाकडे नवा उपाय शिल्लक नव्हता. नाना रुमालानं घाम पुसत बसले होते. इतके थकलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते, मला रडूच यायला लागलं. तेव्हा सपकाळे गुरुजी जरा चिडूनच म्हणाले, "नाना, एक विचारू? आमच्यापुढे तुम्ही दर वर्षी उभे राहून सांगता, मला येत नाही म्हणून. पोरांपुढे कधी सांगितलंत?"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग उठले, खिसा उलटा केला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या शेंगा सपकाळ्यांच्या ओंजळीत ओतल्या.

शेवटचा शनिवार नानांच्याच शाळेत. शाल होती, श्रीफळ होतं, साहेब होते, गावातली मंडळी व्हरांड्यात दाटीनं बसली होती. नाना म्हणाले, सत्कार नंतर, आधी पाठ. दुसरीचा वर्ग समोर. नानांनी टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरंहो, माले हाई कविता म्हनता येत नही."

पोरं गोंधळली. एक म्हणालं, "येस ना, नाना!"

"नही येत. माले एकच चाल येस. मना बाप मापाडी व्हता, तेनी दिन्ही." आणि त्यांनी ती म्हणून दाखवली, अगदी पहिल्या 'लाभ'पासून. मग त्याच चालीत ओढ्याच्या दोन ओळी. "हाई मना घरनी चाल. तुमना घरमा कोनती चाल शे? ती लावीसन म्हना."

एक ठेंगणी पोर उठली आणि तिनं तो ओढा कानबाई देवीच्या गाण्यावर म्हटला, जसा तिची आई श्रावणात रोटांच्या नैवेद्याच्या दिवशी म्हणत असेल तसा. तिच्यामागून एकानं हळदीच्या गाण्यावर म्हटला, मान वेळावून. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या, एका मुलीनं म्हणता म्हणता पायाचा ठेका धरला तर आख्खी रांग तिच्याबरोबर डुलायला लागली. एका मुलाला विहारातल्या वंदनेची संथ चाल येत होती, त्याच्या तोंडी तो ओढा असा काही शांत वाहिला की सपकाळ्यांनी डोळे मिटले. आणि एक बेरकी कार्टं उठून कंडक्टरच्या आवाजात म्हणालं, "ओढा निघाला, ओढा निघाला, चला अमळनेर अमळनेर!" हसता हसता साहेबांचा चष्मा खाली पडला. नाना एकेका पोराकडे तोंड उघडं टाकून पाहत होते. त्या एवढ्याशा वर्गात इतक्या चाली आहेत, हे त्यांना आयुष्यभर कुठे माहीत होतं!

तेवढ्यात दारात निर्मला दिसली. आता नववीत होती, धाकट्या भावाला न्यायला आली होती. तो भाऊच ओरडला, "ताई, तू म्हन ना!"

वर्गातल्या आणि व्हरांड्यातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. गावाला सगळं ठाऊक होतं. नानांनी टेबलाची कड घट्ट धरली. "राहू दे रे," ते म्हणाले, "तिले आग्रह करू नका."

निर्मलानं एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा नानांकडे. खांद्यावरचं दप्तर खाली ठेवलं. नसलेला पदर खोचल्यासारखा हात कमरेला लावला, दुसऱ्या हातानं हवेतली पायली उचलली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "ओऽऽढा निघाला, निघाला, निघाऽऽला..." नानांची चाल. सहीसही नानांची. दुसऱ्या ओळीला वर्ग तिच्यात मिसळला, तिसरीला व्हरांड्यातली माणसं, आणि चौथीला आम्ही सगळे मास्तर आणि साहेबसुद्धा हवेत पायल्या ओतत होतो. ती हसत होती, सगळेच हसत होते, आणि तिला त्या हसण्याचं आता काही वाटत नव्हतं.

कविता संपली आणि नाना ओरडले, "छान!"

पहिल्यांदा सोनवणे गुरुजींनी माठाकडे पाहिलं. मग साहेबांनी. मग सगळ्या वर्गानं.

"नाना," मी म्हटलं, "पाणी."

भाषणं राहिली, शाल तशीच घडीत राहिली. मला नाना आठवतात ते तसेच, डोक्यावर टोपी नाही, डोळे पाण्यानं भरलेले, एका हातात पेला. त्यांनी तो माठात बुडवला, "लाऽऽभ, लाभ, लाभ, लाऽऽभ..." असं घोळवत वर्ग ओलांडून दारापर्यंत गेले, आणि पहिला पेला निर्मलाच्या हातात दिला.